मी अजून हो म्हटलं नव्हतं

वारंगा फाट्यावर माझं अभिनंदन झालं तेव्हा मी त्या नोकरीला अजून हो म्हटलं नव्हतं. सकाळी कामाला निघाले होते. स्कूटी चौकात वळवली आणि चहाच्या टपरीच्या वर मीच मला दिसले. फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला होता. शेजारी उभ्या असलेल्या बाईला कापून टाकलं होतं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर बांगड्यांसकट तसाच राहिला होता. खाली ठळक अक्षरांत, 'पुणे येथील नामांकित मसाला कंपनीत अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याखाली शुभेच्छुकांची रांग, कुणी गॉगल लावलेला, कुणी मोबाइल कानाला लावलेला. मधला फोटो माझ्या चुलतभावाचा आणि तो माझ्या फोटोपेक्षा मोठा होता.

टपरीवाला म्हणाला, "ताई, पेढे कधी?"

मी म्हटलं, "ज्यांनी हे लावलं त्यांनाच माग." आणि पुढे निघाले. कान तापले होते.

आमच्याकडे बातमी कळली की आधी फ्लेक्स लागतो, खरं-खोटं मागाहून बघतात. निवडणुकीला उभ्याच नसलेल्या माणसालाही आमच्या पोरांनी एकदा विजयाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मी फक्त बाबांना सांगितलं होतं, की पुण्याहून फोन आला, बोलावतायत, पगार दुपटीपेक्षा जास्त आहे आणि मला विचार करायला चार दिवस पाहिजेत. विचार करायचा हा भाग बाबांच्या कानात शिरलाच नाही. त्यांनी आत्याला फोन केला. आत्यानं चुलतभावाला. चुलतभाऊ आमच्या वस्तीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. त्याच्याकडे डिझाइन करणाऱ्याचा नंबर कायम तयार असतो. रविवारी विहारात सत्कार ठेवलाय, हेही मला फ्लेक्सवरूनच कळलं.

माझं काम हळद तपासायचं. फाट्यापासून थोडं आत शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. कंपनी म्हणजे पत्र्याचं एक गोदाम, हळद पॉलिश करायचा एक ढोल आणि एक खोली. त्या खोलीत मी बसते. परभणीला अन्नतंत्र शिकले आणि इथं लागले. शेतकरी हळद शिजवून, वाळवून आणतात. मी मशीनवर तिच्यातली ओल बघते, रंग बघते आणि प्रत ठरवते. त्या प्रतीवर भाव लागतो. म्हणजे एखाद्याचे वर्षभराचे कष्ट चांगले की मध्यम हे मी टेबलाशी बसून सांगते. हे काम जिवावर येतं असं कुणी म्हणेल. मला ते आवडतं, पहिल्या दिवसापासून.

मी आले तेव्हा नमुना गड्याच्या हाती यायचा. मालक बाहेर गाडीत बसायचे, गडी पिशवीत मूठभर हळकुंडं घेऊन आत यायचा. प्रत खाली आली की मालक गड्यावर उखडायचे. तूच ओली मूठ उचललीस, तूच पिशवी ओल्यात ठेवलीस, वगैरे. गडी मान खाली घालून उभा. दोन-तीनदा हे बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी नियम केला. पोतं ताडपत्रीवर उपडं करायचं, वरची, मधली, खालची मूठ ज्याची हळद त्यानंच उचलायची आणि आकडा येईपर्यंत त्यानंच माझ्यासमोर खुर्चीत बसायचं. आकडा मशीनवर त्याच्या डोळ्यांदेखत येतो. मग बोंब मारायची असेल तर माझ्या तोंडावर मारावी. माणूस लहान असो की मोठा, गडी पाठवून चालणार नाही.

लहान शेतकऱ्यांना हे पटलं. ते बसायचे, आकड्याकडे बघायचे, कपाळावर आठ्या घालायचे, पुढच्या वेळी दोन दिवस जास्त वाळवून आणायचे. मोठ्यांना पटायला वेळ लागला. सगळ्यात जास्त वेळ लागला आमच्या गावच्या बागायतदारांना. त्यांना सगळे मालक म्हणतात. माझे बाबाही म्हणतात. मी काका म्हणते आणि ते त्यांना दर वेळी खटकतं, हे मला दर वेळी दिसतं.

नियम लागू झाल्यावर ते पहिल्यांदा आले तेव्हा पांढरी गाडी दारात उभी करून हॉर्न वाजवत राहिले. गडी पिशवी घेऊन आत आला. मी म्हटलं, "काकांना आत यायला सांगा." गडी गेला, परत आला. "मालक म्हनून राहिले, त्यांना टाइम न्हाई." मी म्हटलं, "मग टाइम असेल तेव्हा या." गाडी धुरळा उडवत गेली. गोदामातल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. एकजण म्हणाली, "ताई, तुमची नोकरी गेली समजा."

नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी ते आले. ताडपत्रीवर वाकले, स्वतःच्या हातानं मुठी उचलल्या, आत आले आणि खुर्चीत बसले. माझे आजोबा या माणसाच्या बापाच्या घरी जन्मभर पोती वाहत होते आणि त्या घराच्या पायरीला त्यांचा पाय कधी लागला नाही. तो माणूस माझ्या खोलीत हात मांडीवर ठेवून आकड्याची वाट बघत होता. हळद उत्तम होती. मी पहिली प्रत दिली. त्यांना खाली पाडायची मला हौस नव्हती. मला फक्त ते बसलेले बघायचे होते आणि मी पोटभर बघून घेतले. याला कुणी खुन्नस म्हणत असेल तर म्हणो.

आता पुण्याबद्दलही खरं सांगते. मला जावंसं वाटलं होतं. आमच्या मशीनचा आकडा उन्हाळ्यात वीज खालीवर झाली की नाचतो. तिथं थंडगार प्रयोगशाळा आहे, पांढरे कोट आहेत, माझ्या हाताखाली माणसं असणार होती. फोनवर बोलणारी मुलगी मला 'मॅम' म्हणत होती. पगाराचा आकडा ऐकून मी दोन रात्री नव्या चपला, नवा फोन, आईचे दात, घरावर स्लॅब असं काय काय मनातल्या मनात घेऊन टाकलं. आमच्या खोलीत पंखा आहे, तो फिरतो त्यापेक्षा जास्त बोलतो. मी काही जमिनीच्या प्रेमानं वेडी झालेली बाई नाही. आमच्याकडे जमीनच नाही.

बाबांना तर पुण्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. बाबा गवंडी. नांदेडपासून हिंगोलीपर्यंत किती घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही. फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, मी हो म्हटलं नाही तर गावभर कशाला सांगितलंत?

ते म्हणाले, "हो न म्हनायला काय झालं तुला? मी उन्हात भिंती काहून बांधल्या? तू इथं फाट्यावर बसावं म्हनून?"

"बसले तर काय वाईट हाये, बाबा?"

"तुला समजून न्हाई राहिलं, माय. तिथं कोनी इचारत न्हाई तू कोनाची. तिथं तुझ्यामागं गाव न्हाई येत."

पुण्यात खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात, मग 'जेवायला काय काय चालतं' विचारतात आणि मग खोली परवाच गेलेली असते, हे मला मैत्रिणीनं सांगितलं होतं. पण ते बाबांना सांगितलं नाही. त्यांनी आयुष्यभर एक जागा मनात धरून ठेवली होती, जिथं त्यांची मुलगी नुसती मुलगी असेल. ती जागा नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? मला फार वाईट वाटलं. मी ताट घेतलं आणि जेवायला बसले. आईनं मध्ये येऊन एवढंच विचारलं, की पुण्यात ज्वारी मिळते का.

म्हणजे फ्लेक्स लागला तेव्हा माझा काटा जाण्याकडेच झुकलेला होता. तो कुणी फिरवला ते सांगते.

दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी गोदामासमोर उभी राहिली. हॉर्न वाजला नाही. हळदीचं पोतंही नव्हतं. काका स्वतः उतरून आत आले, न सांगता खुर्चीत बसले आणि हसले. इतकी वर्षं त्यांना बघतेय, त्यांचे खालचे दात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

"नाव काढलं पोरी गावाचं," ते म्हणाले. "जा. मोठी हो. आमच्या गावची लेक पुण्याला अधिकारी म्हणजे आम्हालाच मान."

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही, काका."

"ठरवायचं काय त्यात? अशी संधी कोणी सोडतं का? आणि इथलं काही मनात आणू नको. तुझ्या जागेचं मी बोललो वर. आमचा पुतण्या बी.एस्सी. होऊन घरीच बसून राहिला. तो बघंल."

वर म्हणजे कंपनीच्या संचालकांकडे. तिथं त्यांचे व्याही आहेत. मी विचारलं, "त्याला हे काम माहीत आहे का?"

"मशीनच तर बघायचंय." मग खुर्चीच्या हातावर हात फिरवत ते म्हणाले, "आन् हे पोतं उपडं करा, लोकांना बसवा, हे काही त्याला जमायचं न्हाई. लोकांना बी तकलीफ होते. गड्याहाती नमुना आला तरी बराबर आकडा येतोच की."

ते उठले, दाराशी गेले, पुन्हा वळून म्हणाले, "सत्काराला फेटा माझ्याकडून." आणि गेले.

मी मशीनसमोर बसून राहिले. गोदामात ढोल फिरत होता, त्याचा गडगडाट खोलीत घुमत होता. या माणसानं माझ्या दहावीला पेढा खाल्ला नाही, पदवीला घराकडे बघितलं नाही, नोकरी लागली तेव्हा 'कोटा असंल' म्हणाला. आणि आता माझ्या पगारवाढीनं त्याला इतका आनंद झाला होता की फेटा देत होता. मला आतून संताप आला. पुतण्या या खुर्चीत बसेल. पहिल्याच दिवशी हॉर्न वाजेल. गडी पिशवी घेऊन आत येईल आणि प्रत खाली आली की दारात उभा राहून शिव्या खाईल. दोन महिन्यांत लोक विसरतील की इथं कधी सगळे एकाच खुर्चीत बसत होते. मी ते बांधलं होतं आणि मला दुप्पट पगार मिळाल्याबरोबर ते पाडायला माणूस तयार होता.

मी त्या दुपारीच ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. पुन्हा फ्लेक्स लागला असता.

रविवारी विहारात माणसं जमली. मूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, पोरं मध्ये लोळत. बाबा पुढेच बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. हा सदरा ते फक्त लग्नांत घालतात. फेटा खरंच आला होता, भगव्या-गुलाबी रंगाचा, प्लास्टिकच्या पिशवीत. मी तो बांधून घेतला नाही. महिला मंडळाच्या अध्यक्ष मावशींनी शाल पांघरली. चुलतभावानं माइक घेतला आणि मी लहानपणी रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास केल्याचं सांगितलं. आमच्या घरी वीज होती. पण त्याला कोण अडवणार? मग तो म्हणाला, "आता आपल्या ताई दोन शब्द बोलतील."

मी म्हटलं, "सगळ्यांचे आभार. पण मी पुण्याला जात नाही."

माइकनं शीळ घातली. चुलतभावाला वाटलं मी घाबरून बोलले. तो कानाशी आला, "ताई, पान्याचा ग्लास देऊ का?" मी म्हटलं, "पाणी नको. मी जात नाही म्हणून राहिले."

मागून एका म्हातारीनं विचारलं, "काहून गं?"

मग मी सांगितलं. भाषण करता येत नाही मला, भांडल्यासारखंच बोलते. म्हटलं, माझी जागा कुणाला द्यायची ते आधीच ठरलंय. ज्याला द्यायची त्याला पोतं उपडं करायचं नाही, मोठ्याला खुर्चीत बसवायचं नाही. तुमच्यातले किती जण गड्याचं काम करता? पिशवी घेऊन कोण उभं राहणार त्या दारात? मी गेले तर मला पगार मिळेल आणि तुम्हाला पुन्हा शिव्या. मी इथून हलत नाही. काढायचं असेल तर काढून दाखवावं.

टाळ्या वगैरे काही झालं नाही. कुणीतरी म्हणालं, "येडी हाय." एक म्हातारबा म्हणाले, "पन पगार तर कमीच राहील मंग." दोन-तीन बाप्ये, जे खरंच बागायतीत गडी आहेत, ते खाली बघत होते. त्यातला एक नंतर दारात भेटला आणि त्यानं माझी स्कूटी गर्दीतून बाहेर काढून दिली. मी शाल परत द्यायला गेले तर मावशी म्हणाल्या, "असू दे, उन्हाळ्यात कोनाला लागते." चुलतभावाचं तोंड एवढंसं झालं होतं. "आता त्या फ्लेक्सचं काय करू?" मी म्हटलं, "आत्याच्या पत्र्यावर टाक. पावसाळ्यात गळतो."

बाबा मात्र माझं बोलणं संपायच्या आधीच उठले होते. चपला शोधून, कुणाकडे न बघता निघून गेले. सगळ्या माणसांसमोर मी त्यांना तोंडघशी पाडलं होतं. त्यांनी सांगितलेली बातमी त्यांच्या पोरीनंच खोटी ठरवली. मी माझ्या ठिकाणी बरोबर होते आणि तरी त्या रिकाम्या झालेल्या जागेकडेच पुन्हा पुन्हा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात थापी घासत बसले होते. कामावर निघायची वेळ झाली होती, पण हलत नव्हते. मी चहा ठेवला. त्यांनी वर न बघता म्हटलं, "तुला वाटून राहिलं तू जिंकली. मालक लोकाईचं काय गेलं? आपलं मानूस गावातच राहिलं. हेच तर त्याईला पायजे होतं."

"पहिले पायजे होतं, बाबा," मी म्हटलं. "पोती उचलायला आपन गावातच पायजे होतो. आता मी गेलेली पायजे हाये. फेटा पाठवला त्यानं."

बाबांनी थापी घासायचं थांबवलं. मग म्हणाले, "अन् उद्या काढून टाकलं तर?"

"भांडीन."

"कोनाच्या जिवावर?"

"तुमच्या."

"माझ्यात आता दम न्हाई राहिला."

"मंग माझ्या."

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचीच मुलगी. मी मुद्दाम स्पीकर लावला. बाबांपासून आता काही लपवायचं नव्हतं आणि मागाहून तिसऱ्याकडून त्यांना कळावं असंही नको होतं. ती म्हणाली, "मॅम, जॉइनिंगची तारीख कन्फर्म करायची होती."

मी म्हटलं, "मी येत नाही. तुमचे आभार."

"अरे! दुसरीकडे जास्त पॅकेज मिळालं का, मॅम?"

"नाही. आहे तिथंच आहे. कमीच आहे."

ती गोंधळली. बिचारीला रोज असे फोन करावे लागत असतील, पण कमी पगारावरच राहायचं म्हणून नकार देणारी बाई तिला बहुधा भेटली नसावी. "मॅम, मला इथं कारण टाकावं लागतं. काय टाकू? हेल्थ? फॅमिली?"

खुर्ची सांगू, हॉर्न सांगू, पायरी सांगू? पुण्यातल्या त्या पोरीला यातलं काय कळणार होतं?

बाबांनी थापी पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि उठले. जाता जाता माझ्या हातातल्या फोनकडे वाकून मोठ्यानं म्हणाले, "लिव्हा म्हनाव, बापाचं आयकत न्हाई."

मी तिला तेच लिहायला सांगितलं.